कमान नंतर, आधी पाणंद

प्रश्न विचारणारे गृहस्थ मूळचे लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातील, १९९३ च्या भूकंपानंतर नव्या जागी वसलेल्या एका गावचे असून गेली पंचवीस वर्षे नोकरीनिमित्त पुण्यात राहतात. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: "आमचे गाव पूर्वी एकदिलाने नांदत होते. आता जत्रेत दोन पालख्या निघतात, ग्रामपंचायतीत दोन गट आहेत आणि चुलतभाऊ एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. पुण्यात स्थायिक झालेल्या आम्ही पन्नासएक जणांनी मिळून गावासाठी काहीतरी करायचे ठरवले आहे. काहींना गावाच्या तोंडाशी कमान बांधावी असे वाटते, काहींना मंदिराचा जीर्णोद्धार करावा असे वाटते. यातून एकोपा परत येईल का? येणार नसेल तर काय करावे?"

उत्तर आधी देतो आणि कारणे नंतर सांगतो. कमानीने एकोपा येणार नाही. कमानीवर नाव कोणाचे, चित्र कोणाचे आणि उद्घाटनाला पुढारी कोणता, या तीन प्रश्नांवर गावात आज जो थोडाफार सलोखा आहे तोही जाण्याचा संभव अधिक आहे. मंदिराचे काम त्या मानाने बरे. परंतु गावात दोन पालख्या निघत असताना वर्गणी कोणाच्या हाती द्यायची, इथेच ते अडेल. मी १९९४ मध्ये भूकंपग्रस्त भागातील घरदुरुस्तीच्या कार्यक्रमाच्या निमित्ताने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे हिंडू लागलो आणि ते काम संपल्यावरही याच भागात गावकऱ्यांचे तंटे, ग्रामसभा, पाण्याच्या पाळ्या आणि रस्ते यांतच माझी तीस वर्षे गेली. त्या अनुभवावर हे लिहितो आहे.

सुरुवात आपल्या पहिल्याच वाक्यापासून करायला हवी. "पूर्वी एकदिलाने नांदत होते" हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येक गावात ऐकले आहे, आणि ते कोण म्हणते याकडे लक्ष द्यायला मी फार उशिरा शिकलो. आपल्या भागातील जुनी गावे दाट वस्तीची होती. दोन-दोन, तीन-तीन फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळ्यांवर हातभर मातीचे माळवद, घराला घर लागून, आणि गल्ली अशी की समोरून बैलगाडी आली तर माणसाने कोणाच्या तरी ओसरीवर चढावे. माळवदावरून माळवदावर जाता येई. वाळवणे तिथेच होत, बायकांचे बोलणे तिथेच चाले आणि कोणाच्या घरी आज चूल पेटली नाही हे सांगावे लागत नसे. या दाटीत एक आपलेपणा होता, हे खरेच आहे. परंतु वेशीच्या आत राहणाऱ्यांचे हे वर्णन आहे. वेशीबाहेरच्या वस्तीतील म्हाताऱ्यांना मी हाच प्रश्न विचारला, तेव्हा त्यांच्यातील एकाने फक्त एवढेच उत्तर दिले की, आम्हाला भांडायची सोय नव्हती. पाणवठा वेगळा, मसणवटा वेगळा, चावडीवर बसण्याची जागा ठरलेली आणि बलुते खळ्यावर देणाऱ्याच्या मर्जीने. ज्या गावात निम्म्यांना तक्रार करता येत नाही तिथे तंटे कमीच दिसणार. बाबा आढाव यांना १९७० च्या दशकात 'एक गाव, एक पाणवठा' ही मोहीम महाराष्ट्रभर चालवावी लागली, ती गावे एकदिलाने नांदत होती म्हणून नव्हे.

म्हणून आपले जुने गाव परत आणणे हे ध्येय ठेवू नये. ते येणारही नाही आणि गावातील बऱ्याच जणांना ते नकोही आहे. त्या गावातील कोणते सांधे निखळले, त्यांपैकी कोणते पुन्हा जोडण्याजोगे आहेत आणि कोणते निखळले तेच बरे झाले, हे मात्र ज्याचे त्याने शांतपणे पाहावे.

आपल्या गावाच्या बाबतीत पहिला मोठा घाव तारखेनिशी सांगता येतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जनाची रात्र संपत असताना, किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांची जाड भिंतींची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे ८,००० माणसे गेली. ज्या माळवदाने उन्हाळ्यात गारवा दिला त्याच्याच मातीखाली माणसे गुदमरली, त्यामुळे त्यानंतर कित्येक वर्षे लोकांना दगडाच्या भिंतीजवळ झोपायचीही भीती वाटे. ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी हलवण्याचा निर्णय झाला. ज्यांनी आपली माणसे त्या ढिगाऱ्यातून काढली होती त्यांनीच जुन्या जागी राहायला नकार दिला होता, त्यामुळे या निर्णयाला दोष देणे मला जमत नाही. दोष आखणीत राहिला. नवी गावे कागदावर पट्टी ठेवून आखली गेली: सरळ रुंद रस्ते, चौकोनी भूखंड, भूखंडाच्या मधोमध घर. घराचे क्षेत्रफळ जमिनीवर ठरले. भूमिहीन आणि अगदी थोडी जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, मधल्या गटाला ४०० आणि मोठ्या शेतकऱ्यांना ७५०.

शासकीय दृष्टीने हे नीटनेटके होते. परंतु बऱ्याच गावांत एका आकाराची घरे एका रांगेत बांधली गेली, आणि त्यामुळे जमिनीचा सातबारा उतारा जणू रस्त्यावर उभा राहिला. जुन्या गल्लीत बारा एकरवाला आणि त्याचा दोन एकरवाला चुलतभाऊ यांची भिंत एकच होती. नव्या गावात ते अर्ध्या किलोमीटरवर गेले आणि प्रत्येकाच्या पत्त्यातच त्याची ऐपत लिहिली गेली. बायकांची तक्रार याहून साधी होती. हाक पोचत नाही, असे त्या म्हणत. एवढ्या मोठ्या आखणीवर झालेली याहून अचूक टीका मी अद्याप ऐकलेली नाही. मूल तापाने फणफणले, म्हातारी पडली, भांडणात नवऱ्याने हात उगारला, अशा वेळी ज्या हाकेवर शेजार धावून येत असे ती हाक आता आवाराच्या भिंतीपर्यंतच जाऊ लागली.

याच आखणीने काही गावांत एक चांगली गोष्टही केली. जी वस्ती पिढ्यान्‌पिढ्या वेशीबाहेर होती ती प्रथमच त्याच गावठाणात, त्याच रुंदीच्या रस्त्यावर, त्याच जलवाहिनीवर आली. वेस राहिलीच नाही, तर बाहेर कोण राहणार? सगळीकडे असे झाले नाही, आणि जिथे झाले तिथेही मनातली वेस लगेच पडली नाही. तरीही त्या नव्या रस्त्यावर सायकल शिकलेली मुले आज चाळिशीत आहेत आणि आपल्या वडिलांना जे विचारता आले नाही ते ग्रामसभेत मोठ्याने विचारतात. आपल्याला जे 'दोन गट' दिसतात त्यांतील काही आवाज हा त्या प्रश्नांचा आहे, ही शक्यता कृपया मनात ठेवावी.

लोकांनी पुढे ही गावे आपल्या परीने दुरुस्त केली. घरापुढे ओटे आले, पत्र्याची शेड आली, कडुनिंब आणि शेवगा आला. जुन्या गावात झाड लावायला जागा नव्हती. नव्या गावांपैकी कित्येक आज दुरून झाडीच दिसतात. भावकी जवळ यावी म्हणून लोकांनी आपसात घरे बदलून घेतली. या सगळ्याला कोणी योजना म्हटले नाही, निधी तर नव्हताच. दुरुस्तीच्या कार्यक्रमात गावोगावच्या महिला मंडळांतून ज्या संवाद साहाय्यक नेमल्या गेल्या होत्या त्यांच्यामुळेही मोठा फरक पडला, कारण सिमेंट किती आले, दगडी भिंतीत आडवे बांधणीचे दगड घातले की नाही, हे विचारण्याचा हक्क गावात पहिल्यांदा बायकांच्या हाती आला. त्यांच्यातील काही जणींबरोबर मी नंतर वीस वर्षे काम केले. तंटा मिटवताना मी कायदा सांगत असे. आधी कोणाच्या घरी चहाला जायचे हे मात्र त्याच सांगत.

दुसरा बदल भूकंपाशी संबंधित नाही, आणि माझ्या मते एकोप्याच्या दृष्टीने तोच अधिक खोलवरचा आहे. ज्वारी मागे पडली, सोयाबीन आले. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडबा गेला तशी जनावरे कमी झाली, आणि बैल गेले तशी माणसाला माणसाची गरज सरली. एकाच बैलाचा धनी दुसऱ्या एका बैलवाल्याशी सावड करीत असे, अडलेल्याच्या शेतात इर्जिक घालून एका दिवसात काम उरकले जाई आणि संध्याकाळी जेवण होई. त्यात फार मोठा परोपकार होता असे नाही. उद्या माझ्यावर हीच वेळ येणार आहे, हा हिशेब होता. आज ट्रॅक्टरवाल्याला दूरध्वनी करून तासाचे पैसे दिले की शेजाऱ्याशी न बोलता हंगाम पार पडतो. आडावर पाणी भरायला जावे लागत नाही, दळण घरच्या गिरणीवर होते, निरोप मोबाइलवर जातो. ही प्रत्येक सोय चांगलीच आहे आणि ती परत घ्या असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. मात्र या प्रत्येक सोयीबरोबर माणसांची एकेक अटळ गाठभेट गेली. रोज तोंडे पाहावी लागत होती तोवर अबोला चार दिवसांच्या पुढे ताणता येत नसे. आता तो दहा वर्षे सहज टिकतो.

माझा सगळा अनुभव एका वाक्यात सांगायचा तर तो असा की, एकोपा हा भाषणातून, सप्ताहातून किंवा शपथेतून येत नाही. ज्या कामात एकमेकांवाचून अडते असे एखादे काम आणि भांडण झालेच तर ते मिटवण्याची सर्वांना मान्य असलेली एखादी रीत, या दोन गोष्टी गावात असल्या तर तो मागून आपोआप येतो. आपल्या गावात अडणारे काम कोणते उरले आहे, हे शोधणे आपले पहिले काम आहे. आपल्या भागापुरते माझे उत्तर बहुधा एकच असते: शेताकडे जाणारा रस्ता, म्हणजे पाणंद.

बाहेरून पाहणाऱ्याला गावातील तंटा जातीचा किंवा पक्षाचा दिसतो. मी खणत गेलो तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा खाली बांध किंवा पाणंद सापडली. जमिनीच्या वाटण्या होत होत एका आजोबांच्या शेताचे नऊ तुकडे झाले. आजोबांना एक वाट पुरत होती, नऊ नातवांना नऊ वाटा हव्या आहेत. नवे गाव जुन्या गावठाणापासून दूर गेल्याने शेताच्या दिशा बदलल्या आणि ज्या बांधावरून पूर्वी कोणी जात नव्हते तिथून आता सगळ्यांना जायचे आहे. कायदा यात मदत करतो. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते, आणि असलेली वाट अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतो. परंतु आदेशाने उघडलेली वाट पहिल्या पावसात पुन्हा नांगरली जाते, हेही मी कितीदा तरी पाहिले आहे.

एका गावाचे उदाहरण जरा सविस्तर सांगतो. गावाचे नाव सांगत नाही. सुमारे दीड किलोमीटरची पाणंद होती, दोन्ही बाजूंना वीस-बावीस खातेदार आणि पावसाळ्यात गुडघाभर चिखल. सोयाबीन काढून बाहेर आणता येईना म्हणून दोनदा पीक शेतातच भिजले होते, तरी तीन खातेदार जागा सोडायला तयार नव्हते. त्यांतील दोघे एका गटाचे, म्हणून दुसऱ्या गटाने तो राजकीय प्रश्न करून टाकला होता. आम्ही बैठक ग्रामपंचायतीत घेतलीच नाही. जुलै महिन्यात, पाऊस थांबून दोन दिवस झाल्यावर, सगळ्यांना पाणंदीच्या तोंडाशी बोलावले आणि शेवटपर्यंत चालत न्यायला सुरुवात केली. दोन्ही गटांचे पुढारी एकाच चिखलातून चालू लागले की भाषण करता येत नाही. वाटेत एका म्हातारीने डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन ती वाट कशी पार करायची ते सगळ्यांना चालून दाखवले. तिला कोणी सांगितले नव्हते. तिचे ते रोजचेच काम होते.

तिसऱ्या खातेदाराचा नकार राजकीय नव्हता, हे त्या दिवशी प्रथम कळले. त्याच्या आजोबांनी चाळीस वर्षांपूर्वी याच पाणंदीसाठी चार हात जागा सोडली होती; समोरच्याने सोडली नव्हती, आणि तेव्हापासून गावात एकानेही त्या गोष्टीचा उल्लेख केला नव्हता. त्याला जमीन नको होती, ती नोंद हवी होती. आम्ही मोजणी करून घेतली, समोरच्या बाजूने तेवढीच जागा घेतली, आणि कोणी किती जागा सोडली याची यादी, आजोबांच्या जुन्या चार हातांसह, ग्रामसभेत वाचून इतिवृत्तात लिहिली. शासनाची पाणंद रस्त्यांची योजना आणि लोकवर्गणी यांतून पुढे मुरूम पडला. महत्त्वाची गोष्ट त्यानंतर घडली: पाणंदीची देखभाल करायला जी नऊ जणांची समिती नेमली होती, तिच्याकडेच दोन वर्षांनी लोक जत्रेचा हिशेब घेऊन गेले. तो विषय आम्ही कधी काढलाही नव्हता. त्या नऊ जणांनी एकमेकांचे पैसे मोजलेले होते आणि ते कमी भरले नव्हते, एवढी एकच पात्रता त्यासाठी पुरली.

ग्रामसभेविषयी आता थोडे, कारण पुण्यातील मंडळी बहुधा ती ओलांडूनच काम करू पाहतात. वर्षातून किमान चार सभा व्हायला हव्यात. साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास त्या होतात. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरते. आणि नियमित सभेपूर्वी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. कागदावर हे सर्व होते. प्रत्यक्षात सह्यांची वही घरोघर फिरते. ही वही फिरणे बंद करायला मला सापडलेला उपाय अगदी साधा आहे: मागील सभेत झालेल्या ठरावांचे पुढे काय झाले, हे सभेच्या सुरुवातीलाच एकेक करून वाचायला लावायचे. पहिल्या सभेत ग्रामसेवक अस्वस्थ होतो, दुसऱ्या सभेत सरपंच, आणि तिसऱ्या सभेला लोक येऊ लागतात. ज्या सभेत काही ठरते असे वाटते तिथे भांडायला का होईना माणसे येतात, आणि सभेत होणारे भांडण हे पारामागे होणाऱ्या कुजबुजीपेक्षा कधीही चांगले.

भांडण दिसत नाही म्हणजे एकोपा आहे, या समजुतीने आपण फार फसतो. बिनविरोध निवडणूक हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. ती खरोखर विचारविनिमयातून झालेली गावे आहेत. हिवरे बाजारने १९८९ मध्ये पोपटराव पवारांना असेच बिनविरोध सरपंच केले आणि पुढे ते आदर्श गाव ठरले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे सरपंचपदाचा चक्क लिलाव झाल्याचे उघडकीस आले आणि राज्य निवडणूक आयोगाने तिथल्या निवडणुका रद्द केल्या. तिथेही विरोध कोणी केला नव्हता. त्याचप्रमाणे 'गावाने ठरवले' या शब्दांखाली एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकले जाते, तेव्हाही गाव एकजूटच असते. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ मध्ये कायदा करावा लागला तो अशाच एकजुटीमुळे.

तंटामुक्त गाव मोहिमेत मी १५ ऑगस्ट २००७ ला ती सुरू झाल्यापासून काम केले. तिने पुष्कळ चांगले केले. दिवाणी आणि महसुली तंट्यांत वर्षानुवर्षे तालुक्याला खेटे घालणारे भाऊ एका बैठकीत मोकळे झाले, वकिलाचे पैसे वाचले, पोलीस पाटलाला काम मिळाले. परंतु तंटामुक्त गावाला मिळणारे शासनाचे बक्षीस मिटलेल्या तंट्यांच्या संख्येशी जोडले गेले आणि मग संख्येसाठी तंटे 'मिटवले' जाऊ लागले. बक्षिसाची तारीख जवळ आली की दुबळ्या बाजूवर दडपण येते, हे मी स्वतः पाहिले आहे आणि एकदा, लाज वाटते तरी सांगतो, एका विधवेच्या बांधाच्या प्रकरणात मी स्वतःही तिला "सोडून द्या" असे सांगितले. तिने सोडून दिले. गाव तंटामुक्त झाले. ती माझ्याशी पुन्हा बोलली नाही, आणि ते योग्यच होते. तेव्हापासून मी एक नियम पाळतो: तडजोडीत दोघांनीही काहीतरी सोडले नसेल, तर त्यावर सही करायची नाही. स्त्रियांवरील अत्याचार आणि जातीय अत्याचाराची प्रकरणे तर गावपातळीवर मिटवण्याचा विषयच नाही; तिथे पीडित व्यक्तीला पोलीस ठाण्यापर्यंत सोबत करणे एवढेच गावाचे काम असते.

आदर्श गावांच्या सहली काढण्याचाही विचार आपल्या पत्रात दिसतो. जरूर काढा, मात्र फलक पाहून परत येऊ नका. हिवरे बाजारात पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे दरवर्षी गावात उपलब्ध पाण्याचा हिशेब मांडून त्यावर पिके ठरवणे ही आहे. पाणी सर्वांचे आहे हे वाक्य तिथे आकड्यांत लिहिलेले असते. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावात निर्णय बहुमताने न होता सर्वसहमतीने होतात आणि एकाचाही विरोध असेल तर विषय पुढे ढकलला जातो. तेथील लोकांनी २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवले, तेव्हा ही सवय त्यांच्या अंगवळणी पडून वीसेक वर्षे झाली होती. ते गोंड आदिवासींचे लहान गाव आहे. दहा जातींच्या आणि तीन पक्षांच्या आपल्या गावाला ती रीत जशीच्या तशी चालणार नाही. पण महत्त्वाच्या विषयावर एक सभा फक्त ऐकण्यासाठी आणि दुसरी ठरवण्यासाठी, एवढे तिथून उचलता येते. आम्ही ते चार गावांत केले, तीन ठिकाणी टिकले.

सणांच्या बाबतीत आपण जत्रेवर भर दिला आहे. जत्रेत मान असतो आणि मान आला की क्रम आला: पहिला नारळ कोणाचा, पालखी कोणाच्या दारावरून. मी आपल्याला येळवशीकडे पाहायला सांगेन. येळवशी म्हणजे वेळा अमावास्या, हा लातूर-धाराशिव भागाचा आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकाचा सण. पुण्यात तो समजावून सांगताना आपली तारांबळ उडत असणार. त्या दिवशी गाव ओस पडते आणि शिवार भरते, कडब्याच्या कोपीत पूजा होते, भज्जी, आंबील आणि उंडे यांचे जेवण होते. आणि ज्याला शेत नाही त्याला कोणीतरी आवर्जून आपल्या शेतात बोलावतेच. येळवशीला पहिला मान नाही, मिरवणूक नाही, ध्वनिवर्धक नाही. अबोला असलेली दोन घरे मी सर्वाधिक वेळा एकत्र आलेली पाहिली ती याच दिवशी, कारण शेजारच्या शेतातून हाक आली तर आंबिलीचा एक तांब्या घ्यायला नाही म्हणणे आपल्याकडे जमत नाही. नव्या गावात जी हाक पोचत नाही ती शिवारात अजून पोचते.

पुण्यातील मंडळींच्या पैशाविषयी स्पष्ट बोलतो, राग मानू नये. बाहेरून आलेला पैसा गावातील तराजू हलवतो. आपण ज्याच्या घरी उतरता त्याच्या गटाचे तुम्ही ठरता, आणि पन्नास जणांचा निधी हा मग त्या गटाचा निधी ठरतो. म्हणून पहिल्या वर्षी एकही रुपया गोळा करू नये. दुसरे असे की, गावात आज राहणारी माणसे म्हणजे केवळ आपल्या लहानपणची माणसे नव्हेत. परजिल्ह्यातून आलेले सालगडी, वीटभट्टीवरची कुटुंबे, दुकान थाटलेला परप्रांतीय आणि मुख्य म्हणजे बाहेरच्या गावांहून लग्न होऊन आलेल्या निम्म्या बायका, यांच्यापैकी कोणीही जुने गाव पाहिलेले नाही. त्यांच्यासाठी हेच गाव आहे. आपल्या आठवणीतील गावाशी त्यांनी एकनिष्ठ राहावे ही अपेक्षा अन्यायाची आहे. निर्णय तिथे राहणाऱ्यांचा, मदत बाहेरच्यांची, हा क्रम उलटला की वर्गणी देणारा मालक होऊ लागतो. आणि दिलेल्या पैशाबद्दल नामफलक मागू नये. कमानीच्या तंट्याचे बी तिथेच असते.

तेव्हा आपण असे करावे. या येळवशीला पुण्याहून चार-पाच जणांनीच यावे, दोन्ही पालख्यांच्या घरांतले मिळून यावे, आणि तीन दिवस काढून यावे. एकाच घरी उतरू नये. पहिल्या दिवशी शिवारात फिरावे, बोलावतील तिथे जेवावे आणि शेताकडे जायची वाट कुठे कुठे अडली आहे ते वहीत लिहावे. दुसऱ्या दिवशी शाळेतील शिक्षक, अंगणवाडीच्या ताई, आशाताई आणि बचत गटाच्या बायका यांच्याकडे जावे, कारण कोणाचे कोणाशी का बोलणे नाही हे त्यांना सरपंचापेक्षा अधिक ठाऊक असते. तिसऱ्या दिवशी दोन्ही गटांच्या मंडळींना एकत्र बोलावण्याचा मोह टाळावा. त्यांना वेगवेगळे भेटून एवढेच विचारावे की, या यादीतील कोणती पाणंद आधी व्हावी. दोघांनी एकाच पाणंदीचे नाव घेतले, आणि अनेकदा घेतात, तर २६ जानेवारीची ग्रामसभा तिथून फार लांब नसते. तो विषय गावातल्याच कोणाकडून सभेच्या विषयपत्रिकेवर आणावा. मधल्या काळात कोणी कमानीचा विषय काढलाच, तर त्याला त्या पाणंदीतून शेवटच्या शेतापर्यंत चालत घेऊन जावे आणि परत आणावे.